२०१८च्या आय-५ कॉम्प्युटरसाठी तीस हजारांत कोणतं ग्राफिक्स कार्ड घ्यावं?

तुम्ही दिलेली माहिती अशी: २०१८ मध्ये असेम्बल केलेला कॉम्प्युटर, आय-५ ८४००, आठ जीबी रॅमची एकच स्टिक, जीटीएक्स १०५० टीआय, कॅबिनेटसोबतच आलेला ‘४५० वॅट’चा एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) आणि फुल एचडी, ६० हर्ट्झचा मॉनिटर. बजेट तीस हजार. सायबरपंकसारखे गेम खेळायचे आहेत आणि कॉलेजच्या कामासाठी ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर चालवायचं आहे. इथल्याच एका दुकानदाराने “भिया, थोड़ा बजट बढ़ाओ, सोलह जीबी वाला ५०६० टीआय ले जाओ, दस साल देखना नहीं पड़ेगा” असं सांगितलंय. तर ते घ्यावं का?

नका घेऊ. कार्ड चांगलंच आहे, पण तुमच्या मशीनला ते झेपणार नाही, आणि झेपेल एवढं मशीन सुधारायचं म्हटलं तर कार्डाआधीच खिसा रिकामा होईल. मी सुदामा नगरात घरूनच इंटिरिअरचे थ्रीडी व्ह्यू बनवतो. त्यामुळे नात्यातल्या आणि शेजारच्या पोरांचे कॉम्प्युटर उघडायचं कामही आपसूक माझ्याकडे येतं. तुमच्यासारखी मशीन्स इंदुरात घरोघरी आहेत, आणि सगळ्यांचं दुखणं एकच असतं: कार्ड कोणतं यावर महिनाभर खल होतो आणि एसएमपीएसकडे कोणी ढुंकूनही बघत नाही.

म्हणून आधी तोच बघा. कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि एसएमपीएसवरचं लेबल वाचा. लेबल आतल्या बाजूला गेलं असेल तर मागचे चार स्क्रू काढून तो जरा फिरवावा लागेल. वर मोठ्या अक्षरात ४५० असेल, ते सोडून द्या. खाली एक तक्ता असतो, त्यात +१२ व्होल्टच्या रकान्याखाली किती अँपिअर लिहिलेत ते बघा. कॅबिनेटसोबत येणाऱ्या एसएमपीएसवर तिथे बऱ्याचदा १६ नाहीतर १८ असतं. १८ गुणिले १२ म्हणजे २१६ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, दोघांचाही भार मुख्यतः याच १२ व्होल्टवर असतो. बाकीचे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या लाइनवरचे, ते कार्डाच्या काही कामाचे नाहीत.

आता हिशेब करा. तुमचा आय-५ ६५ वॅटचा, आणि तेही कागदावर. आरटीएक्स ३०६० हे १७० वॅटचं कार्ड. झाले २३५. मदरबोर्ड, पंखे, हार्ड डिस्क अजून धरलेच नाहीत, आणि आपण २१६च्या पुढे गेलो. तुमचं १०५० टीआय इतकी वर्षं तक्रार न करता चाललं, कारण ते ७५ वॅटचं आहे आणि त्याची बहुतेक मॉडेल्स सगळी वीज स्लॉटमधूनच घेतात, वेगळी वायर लागतच नाही. नव्या कार्डाला आठ पिनांची वायर लागेल. जुन्या एसएमपीएसला ती नसते. मग दुकानदार दोन मोलेक्स (जुने चार पिनांचे कनेक्टर) जोडून आठ पिना करणारा कन्व्हर्टर काढून देतो. तो अजिबात लावू नका. आठ पिनांच्या कनेक्टरने १५० वॅट द्यायचे असतात, आणि त्या बारीक वायरींमधून ते ओढणं म्हणजे मे महिन्यात, खोलीतच चाळीसच्या आसपास तापमान असताना, प्लॅस्टिक वितळल्याच्या वासाची वाट बघत बसणं. तसं नाही झालं तरी गेम रंगात आला की मशीन धाडकन रीस्टार्ट होईल आणि तुम्ही विंडोजला शिव्या घालाल.

तेव्हा नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लस ब्रॉन्झ या कार्यक्षमतेच्या शिक्क्याचा ५५० वॅटचा एसएमपीएस घ्या. ३०६० आणि ५०६० या दोन्हींसाठी एनव्हीडिया स्वतः ५५०च सांगते. हा खर्च वाया जात नाही, पुढच्या मशीनमध्येही तोच जाईल. घरी ६०० व्हीएचा यूपीएस असेल तर तो साधारण ३६० वॅटचाच असतो हेही लक्षात असू द्या. गेम चालू असताना लाइट गेली, तर मॉनिटर आणि बाकी सगळं धरून तो भार त्याला पेलेलच असं नाही.

दुसरा खर्च रॅमचा. सायबरपंकची किमान मागणीच २०२३ पासून १२ जीबी रॅम आणि एसएसडीची आहे, त्यामुळे आठ जीबीवर कितीही भारी कार्ड लावलं तरी गेम गचके देणारच. आठची आणखी एक स्टिक टाका. सोळा होतील आणि ड्युअल चॅनलही (दोन्ही स्टिक एकाच वेळी कामाला) मिळेल, जे एका स्टिकवर आजवर तुम्हाला मिळतच नव्हतं. २०२५च्या शेवटापासून रॅमचे भाव चढलेत, तेव्हा इथे सेकंडहँड डीडीआर४ खुशाल घ्या. रॅम सहसा बिघडत नाही, आणि बिघडलेली असली तर टेस्टमध्ये लगेच कळते. एसएसडी नसेल तर मात्र कार्डाचं पुढच्या महिन्यावर टाका आणि आधी ती बसवा.

प्रोसेसर बदलायला सांगत नाही. आफ्टरबर्नर (कार्डाचा वापर दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकून गेममध्ये एकदा बघा: आत्ता कार्डाचा वापर ९८-९९ टक्क्यांवर चिकटलेला दिसेल आणि प्रोसेसर त्या मानाने निवांत असेल. म्हणजे अडतंय ते कार्डामुळेच. नवं कार्ड लावल्यावर हे चित्र उलटेल. ८४००मध्ये सहा कोर आहेत, पण थ्रेडही सहाच, म्हणजे एका वेळी सहाच कामं, त्यामुळे सायबरपंकच्या गर्दीच्या रस्त्यांवर तो शंभर टक्क्यांवर जाईल. ६० हर्ट्झच्या मॉनिटरला एवढं चालतं. पण म्हणूनच ५०६० टीआयचे जादा पैसे तुम्हाला पडद्यावर दिसणार नाहीत. ते कार्ड प्रोसेसरची वाट बघत बसेल, लग्नात हॉल लवकर गाठून बसलेल्या वऱ्हाडासारखं.

आता कार्डं. तुमच्या बोर्डावर कार्ड बसतं तो स्लॉट पीसीआयई ३.० आहे. त्यात एका लेनमधून (डेटाच्या एका मार्गातून) सेकंदाला साधारण एक जीबी जातो. आरटीएक्स ४०६०, ५०६० आणि आरएक्स ६६००, ७६०० ही कार्डं आठच लेन वापरतात, म्हणजे तुमच्याकडे आठ जीबी प्रतिसेकंद. कार्डाची स्वतःची मेमरी पुरते तोवर याचा फारसा फरक पडत नाही. पण ती भरली आणि डेटा रॅममधून ये-जा करायला लागला की हा रस्ता अरुंद पडतो, आणि आठ जीबीच्या कार्डाची मेमरी नवे गेम हाय टेक्श्चरवर सहज भरतात. आरटीएक्स ३०६०च्या १२ जीबीवाल्या मॉडेलला सोळा लेन आहेत आणि मेमरीही दीडपट. कार्ड २०२१ सालचं आहे, नव्या फ्रेम जनरेशनची (मधल्या फ्रेम कार्डाने स्वतःच बनवायची) जादू त्यात नाही, पण ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर ती जादू करणार तरी काय? ब्लेंडरमध्ये मात्र १२ जीबी दिसून येतात. टेक्श्चर भरलेला सीन कार्डाच्या मेमरीत मावला नाही की रेंडर एक तर रखडतो किंवा एरर देऊन थांबतो. आणि ऑप्टिक्स या एनव्हीडियाच्या तंत्रामुळे ब्लेंडरच्या सायकल्स रेंडरला एनव्हीडियाचं कार्ड एएमडीपेक्षा बरंच पुढे आहे.

म्हणून तुमच्यासाठी माझं उत्तर आरटीएक्स ३०६०, १२ जीबी. नवं आणि वॉरंटीसह मिळत असेल तर हेच. याच नावाने आठ जीबीचं कार्डही विकतात, त्याचा मेमरी बसही (मेमरीकडे जाणारा रस्ता) कमी आहे, तेव्हा खोक्यावरचा आकडा डोळे उघडे ठेवून वाचा. नाहीच मिळालं तर ५०६०. पण त्याआधी मदरबोर्डचा बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा आणि त्यातला यूईएफआय हा नवा बूट मोड चालू करा. जुन्या बोर्डांवर ५०६० लावल्यावर स्क्रीन काळी राहण्याच्या तक्रारी आल्या होत्या, आणि एनव्हीडियाला त्यासाठी फर्मवेअर अपडेट काढावा लागला. ब्लेंडर नसतं तर मी १३२ वॅटचं आरएक्स ६६०० सांगून मोकळा झालो असतो.

इंटेलच्या बी५८०चे व्हिडिओ बघून मोह होईल, १२ जीबी आणि भावही रास्त. तुमच्या मशीनसाठी नको. त्याला रीसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतं, इंटेल स्वतः दहाव्या पिढीपासूनचे प्रोसेसर सांगते, आणि जुन्या प्रोसेसरवर त्याचा ड्रायव्हर आणखी भार टाकतो. ६५०० एक्सटी तर चारच लेनचं आणि चार जीबीचं, त्याच्याकडे बघूही नका.

सेकंडहँड कार्डाबद्दल तुम्ही विचारलं नाहीये, पण कोणीतरी सुचवेलच. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टोचलनाचं मायनिंग बंद पडलं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली, त्यात ३०६०ही भरपूर होती. ती सगळीच खराब असतात असं नाही. पण समोर अर्धा तास गेम किंवा फरमार्क (कार्डावर ताण देणारी टेस्ट) चालवून दाखवायला तयार नसेल त्याच्याकडून घेऊ नका. शिल्लक वॉरंटी आणि मूळ बिल नसेल तर मी तरी घेणार नाही.

खरेदीला आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये जाणारच असाल तर दोन-तीन दुकानांत भाव विचारा आणि प्रत्येक वेळी ‘जीएसटी बिलासकट’ असंच विचारा. बिलावर कार्डाचा सीरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटीच्या वेळी सगळं त्यावरच अडतं. निघायच्या आधी कॅबिनेटमध्ये मागच्या पट्टीपासून हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंतचं अंतर टेपने मोजा. जुन्या कॅबिनेटमध्ये तीन पंख्यांचं कार्ड तिथेच अडतं. दोन पंख्यांचं घ्या, स्वस्तही पडेल.

१०५० टीआय विकायचं असेल तर फार थांबू नका. त्या पिढीच्या कार्डांना गेमसाठीचे नवे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये बंद झाले, आता ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट येतील. विंडोज १०चंही तसंच, १४ ऑक्टोबर २०२५ला त्याचा सपोर्ट संपला. तुमचा ८४०० विंडोज ११च्या यादीत आहे, बायोसमध्ये टीपीएम (सुरक्षेची सोय) तेवढं चालू करावं लागेल. बायोस उघडलेलाच असेल, तेव्हा हेही एका बैठकीत उरकून घ्या.

मदरबोर्डचं मॉडेल प्रश्नात दिसलं नाही. ते आणि १२ व्होल्टखालचा आकडा कळवलात तर ५०६०बद्दल आणखी नेमकं सांगता येईल.