पेला का हलत नाही?

प्रश्न : माझी मुलगी सहा वर्षांची, पहिलीत आहे. चौथ्या वर्षापासून दुकानांच्या पाट्या वाचते. वर्गातलं काम पाच मिनिटांत उरकते, मग शेजारच्या मुलीशी बोलते म्हणून ओरडा खाते. दिवाळीत आत्यानं तिला ‘मटिल्डा’ हे इंग्रजी गोष्टीचं पुस्तक दिलं, त्यातली मुलगी नुसत्या नजरेनं पेला पाडते. रोज रात्री थोडं मी वाचून मराठीत सांगते. आता ती स्टीलच्या पेल्याकडे टक लावून बसते. नजरेनं तो पडत नाही म्हणून परवा रडली. पुस्तक काढून घेऊ का? – एक आई, ठाणे

उत्तर : ताई, पुस्तक अजिबात काढून घेऊ नका. ते शेवटपर्यंत वाचा, कारण तिच्या रडण्याचं उत्तर शेवटच्या पानांतच आहे.

एका ग्रंथालयाचा बालविभाग मी ३१ वर्षं सांभाळला. इंग्रजी बाललेखक रोआल्ड डाल यांचं हे पुस्तक १९८८ साली आलं, क्वेंटिन ब्लेक यांच्या चित्रांसह. ते ज्या मुलांना दिलं, त्यांतल्या बहुतेकांनी पेल्याकडे टक लावून पाहिलं. तुमच्या मुलीचं काही बिघडलेलं नाही.

आधी तो पेला पडतो कधी ते बघा. मटिल्डा साडेपाच वर्षांची, नुकती शाळेत आलेली. तिची मैत्रीण लॅव्हेंडर मुख्याध्यापिकेच्या पाण्याच्या जगमध्ये पाणसरड्यासारखा एक प्राणी सोडते. आळ येतो मटिल्डावर. जे केलंच नाही त्यासाठी वर्गासमोर बोलणी बसतात आणि तिचं म्हणणं कुणी ऐकून घेत नाही. त्या संतापात तिची नजर पेल्यावर खिळते आणि पेला कलंडतो. म्हणजे ही जादू चमत्कार दाखवण्याच्या हौसेतून आलेली नाही. डोक्यात एवढं काही आहे आणि त्याला वाट नाही, त्यातून ती आली आहे.

शेवटाकडे मटिल्डाला वरच्या वर्गात घालतात. दुपटीहून मोठ्या मुलांच्या बरोबरीनं अभ्यास करायला लागल्यावर एके दिवशी तिच्या लक्षात येतं की आता नजरेनं काहीच हलत नाही. तिच्या पहिल्या वर्गशिक्षिका मिस हनी तिला समजावतात, इतके दिवस डोकं रिकामं होतं, आता त्याला पुरेसं काम मिळालं, म्हणून ती शक्ती तिकडे वळली. मटिल्डाला याचं वाईट वाटत नाही, उलट बरंच वाटतं. हा भाग लेकीला दोनदा वाचून दाखवा.

लोकांना या पुस्तकातली आडदांड मुख्याध्यापिका आणि वडिलांच्या टोपीला लावलेला गोंद लक्षात राहतो. मला मिसेस फेल्प्स आठवतात, गावच्या ग्रंथालयातल्या. सव्वाचार वर्षांची मटिल्डा सगळी बालपुस्तकं संपवून समोर उभी राहते आणि आता काय वाचू म्हणते. बाई चकित होतात, पण चार लोकांना बोलावून तमाशा करत नाहीत. कपाटापाशी जातात आणि डिकन्सची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ ही मोठ्यांची कादंबरी काढून देतात. पोर मोठ्या खुर्चीत बसून रोज दुपारी वाचते, बाई लांबून लक्ष ठेवतात. इतकंच. मी माझं काम त्यांच्याकडून शिकले, आणि तेही एक चूक करून.

आमच्याकडे एक मुलगी यायची. सात वर्षांची, हातात शिवलेली कापडी पिशवी. पुस्तक परत देताना त्यातली एखादी ओळ बोट ठेवून दाखवायची, ‘हे बघा ना’ म्हणून. वार्षिक कार्यक्रमात मी तिला स्टेजवर उभं केलं, पाहुण्यांसमोर वाचायला लावलं. टाळ्या पडल्या. पुढच्या आठवड्यात ती आली नाही, नंतरही नाही. तिची आई म्हणाली, ‘आता पुस्तक हातात घेतलं की विचारते, कुणासमोर म्हणायचंय का?’ ते वाक्य मला अजून टोचतं. म्हणून कळकळीनं सांगते, पाहुणे आले की लेकीला पाढे म्हणायला लावत असाल तर आजपासून बंद करा.

मिस हनींकडेही बघा. दोनचा पाढा घेताना मटिल्डा थांबतच नाही, म्हणून त्या विचारतात, दोन गुणिले ४८७? ९७४, असं उत्तर लगेच येतं. हिला वरच्या वर्गात घाला म्हणायला बाई त्याच दिवशी मुख्याध्यापिकेकडे जातात. तिथं नकार मिळतो. मग त्या वरच्या वर्गांच्या शिक्षकांकडून बीजगणित, भूमिती, फ्रेंच अशी पुस्तकं मागून आणतात. बाकीच्यांना शिकवत असताना मटिल्डानं ती वाचायची आणि अडलेलं तासाच्या शेवटी विचारायचं, असं ठरतं. ना वेगळी शाळा, ना वेगळा खर्च. एका बाईंनी उसनी आणलेली चार पुस्तकं, बस्स.

आणि हो, मटिल्डाला खोड्यांची, मैत्रिणींची तेवढीच आवड आहे. तुमच्या लेकीची वर्गातली बडबड पूर्ण थांबावी अशी इच्छाही धरू नका, शेजारच्या बाकावरची ती मुलगी तिला हवी आहे.

वर्गशिक्षिकांना भेटा, पण ‘माझी मुलगी फार हुशार आहे’ अशी सुरुवात करू नका. तिचं काम लवकर संपतं, उरलेल्या वेळात दप्तरातलं गोष्टीचं पुस्तक काढून वाचलं तर चालेल का, एवढंच विचारा. पुस्तक कुठलं न्यायचं ते तिला निवडू द्या. पहिल्या दिवशी ती बहुधा ‘मटिल्डा’च नेईल.