थरच्या वाळवंटात इतकं कमी गवत, मग अन्नजाळं चालतं कशावर?

तुम्ही विचारलंय की वाळवंटात हिरवळ नावालाच असताना एवढे प्राणी जगतात कसे आणि प्रकल्पात ऊर्जेचा हिशेब कसा मांडायचा. मी जैसलमेरकडचं थर धरतो.

सुरुवात पावसापासून करा. कोरड्या प्रदेशात 1 मिमी पावसामागे हेक्टरी ढोबळमानाने 4 किलो सुका चारा तयार होतो. 150 मिमी पावसाला 600 किलो. ग्रॅमला 4 किलोकॅलरी धरल्या तर 24 लाख किलोकॅलरी. हे फक्त जमिनीवरचं. सेवण गवताच्या मुळांतला साठा वेगळा, आणि पुढच्या पावसाला गवत फुटतं ते त्याच्याच जोरावर.

आता खरी मेख. गवत–हरीण–वाघ ही पाठ्यपुस्तकातली साखळी इथे उपयोगाची नाही. हिरवं असताना खाल्लं जातं थोडंच, बरंचसं वाळतं. ते वाळलेलं गवत आणि शेण खाते वाळवी. वाळवीवर पाली, सरडे, पक्षी जगतात; बिया आणि मुळांवर जरबिल उंदीर; त्यांच्यावर फुरसं, वाळवंटी मांजर, कोल्हा, ससाणे. म्हणून वाळवी आणि सुका पाचोळा नसलेली आकृती मी अपुरीच मानेन.

प्रत्येक पायरीला ‘10 टक्केच ऊर्जा पुढे जाते’ हा नियम सरसकट लावू नका. 10,000 किलोकॅलरी पचवल्या तर उंदरासारख्या सस्तन प्राण्याच्या अंगी 100 ते 300 लागतात, बाकीच्या शरीर उबदार ठेवण्यात आणि हालचालीत जातात. सरपटणारा प्राणी उन्हात शेकून ऊब मिळवतो, त्यामुळे त्याच्या अंगी हजारभर लागतात. गवतपाला खाणारा सांडा (काटेरी शेपटीचा सरडा) तुटपुंज्या चाऱ्यावर तग धरतो तो यामुळेच. आणि तो ससाण्यांचं, कोल्ह्याचं मोठं भक्ष्य आहे.

आकृती काढताना बाण खाल्ला जाणाऱ्याकडून खाणाऱ्याकडे काढा. उलटे बाण ही नेहमीची चूक. माळढोक (तिकडे गोडावण) एकाच पायरीवर बसवू नका: तो टोळ, सरडे, बिया, केर नावाच्या झुडपाची फळं, बोरं सगळं खातो, त्याला तीन-चार बाण लागतील. शेळ्या-मेंढ्या आणि गुरं वगळू नका, खाल्ल्या जाणाऱ्या चाऱ्याचा मोठा वाटा त्यांच्याच पोटात जातो. मेलेल्या गुरांकडून गिधाडांकडेही बाण हवा. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाने गिधाडं मेली ती याच वाटेवर. 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली.