‘बाबा, एवढी वर्षं गाडी चालवून काय मिळवलंत?’

पत्र : ताई, मी एसटीत चालक आहे. १९९४ ला लागलो, येत्या सप्टेंबरअखेर ५८ पूर्ण होऊन घरी बसणार. बरीच वर्षं कोल्हापूर–रत्नागिरी केली. ३१ वर्षांत हातून एकही अपघात नाही. त्याबद्दल सत्कार झाला, बिल्ला मिळाला. धाकटा भाऊ प्लॉटिंगच्या धंद्यात आहे. गेल्या महिन्यात त्याच्या बंगल्याच्या वास्तुशांतीला तो चारचौघांत म्हणाला, ‘दादा, रिटायर झालास की माझ्या गाडीवर ये. बाहेरचा ड्रायव्हर ठेवण्यापेक्षा घरचा बरा.’ सगळे हसले, मीही हसलो. परत येताना मुलगा (वय २४) म्हणाला, ‘बाबा, एवढी वर्षं गाडी चालवून काय मिळवलंत?’ मला उत्तर सुचलं नाही, अजून सुचत नाही. बिल्ला दाखवावा असं वाटलं, पण लाज वाटली. भाऊ म्हणतो, फंडाचे पैसे माझ्याकडे टाक, तीन वर्षांत दुप्पट करून देतो. काय करू?

उत्तर :

दादा,

आधी पैशाचं उरकते, कारण ते सोपं आहे. फंड आणि ग्रॅच्युइटी भावाकडे टाकू नका. भाऊ लबाड आहे असं मी म्हणत नाही. पण तुमची पेन्शन ईपीएस-९५ ची, म्हणजे फंडाच्या योजनेतली, तुटपुंजी. महिन्याला हातात किती पडणार ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. उद्या औषधपाण्यासाठी आपलेच पैसे मागायला त्याच्या फाटकात उभं राहावं लागलं, तर वास्तुशांतीतलं हसू परवडलं म्हणाल. पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एरवी साठी लागते, पण निवृत्त होणाऱ्याला ५५ नंतरही खातं उघडता येतं. फक्त निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून ३ महिन्यांच्या आत जायला हवं, तेवढं विसरू नका. वहिनींचं नाव खात्यावर घाला. आणि भावाला ‘नाही’ म्हणताना ‘तुझी वहिनी नको म्हणते’ असं त्या बाईवर ढकलू नका. पुरुषांची ही जुनी खोड आहे.

आता मुलाचा प्रश्न.

तुमच्या कामाची अडचण अशी आहे, की ते उत्तम झालं तर सांगण्यासारखं काही उरतच नाही. भावाचा बंगला रस्त्यावरून दिसतो, पाहुण्यांना फिरून दाखवता येतो. तुम्ही काय दाखवणार? आंबा घाटात न कोसळलेली गाडी? जुलैतल्या धुक्यात समोरून आलेला ट्रक, जो तुम्हाला घासला नाही? मी हिशोब करून पाहिला. दिवसाला २५० किलोमीटर, वर्षाला २७० दिवस धरले तरी ३१ वर्षांत जवळपास २१ लाख किलोमीटर होतात. खरं सांगू, आकडा बघून मला काही विशेष वाटलं नाही. मला दुसरंच आठवलं.

माझं माहेर साखरप्याजवळचं, म्हणजे तुम्ही घाट उतरून जिथे चहाला थांबत असाल तिथलंच. मोठा भाऊ रत्नागिरीला कॉलेजात होता, खोली घेऊन राहायचा. खाणावळ परवडत नव्हती. मग आई पहाटे उठून भाकऱ्या करायची, स्टीलच्या तीन पुडांचा डबा फडक्यात बांधायची, गाठीत नावाची चिठ्ठी खोचायची आणि मी पळत जाऊन तो मुक्कामी गाडीच्या ड्रायव्हरच्या हातात द्यायची. ते डबा इंजिनाच्या झाकणावर ठेवत. तिथे उष्णता असायची, म्हणून भाकरी रत्नागिरीपर्यंत कोमट राहायची. संध्याकाळी रिकामा डबा परत. दोन वर्षांत हे एकदाच चुकलं, काजळी नदीला पूर आला त्या दिवशी. भाऊ पुढे बँकेत लागला, आता निवृत्त झालाय. त्या भाकरीची चव तो अजून सांगतो. पण त्या ड्रायव्हरचं नाव त्याला माहीत नाही, मलाही नाही. आम्ही विचारलंच नाही कधी.

१ जून १९४८ ला नगरहून पुण्याला पहिली एसटी सुटली. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे, ही नावं तुम्हा लोकांना पाठ असतील. दुसऱ्या गाडीवर कोण होतं?

तेव्हा नाव होण्याच्या बाबतीत तुमचा भाऊ पुढे आहे, हे मान्य करून टाका. त्यात त्याचा काही गुन्हा नाही. त्याने त्याची मोजपट्टी धरली. तुमच्याच डेपोत विचारा, प्रत्येकाची वेगळी निघेल. वाहकाला रात्री कॅश रुपयाला रुपया जुळली की झोप लागते. वर्कशॉपमधल्या माणसाला रूटवरून ब्रेकडाऊनचा फोन आला नाही की दिवस सोन्याचा. एका महिला वाहकाने मला सांगितलं होतं, ‘लेकीला शाळेत सोडून मग ड्यूटी, असा आठवडा मिळाला ना, की मी जिंकले.’ ही बाई पगारवाढीबद्दलही पोटतिडकीने बोलत होती, हेही सांगते. पैसा नको असं कुणी म्हणत नसतं. पैसा नसण्याचं कौतुक ज्यांना नसण्याची सवय नाही तेच करतात.

पण दादा, आता थोडं तुमच्या विरुद्ध बोलते.

तुमच्या पत्रात रूट आहे, सत्कार आहे, बिल्ला तर दोनदा आहे. मुलाबद्दल मात्र कंसातलं वय आणि एक वाक्य. तो काय करतो, ते तुम्ही लिहिलंच नाहीत. म्हणून त्याच्या बाजूने हिशोब मांडते. दिवाळीत जादा गाड्या, गणपतीत जादा गाड्या, मे महिन्यात लग्नसराई. चोवीस दिवाळ्यांपैकी किती पहाटा तुम्ही घरात होतात? मुक्कामी ड्यूटीवर आठवड्यातल्या किती रात्री? आणि २०२१ च्या दिवाळीत पेटलेला संप एप्रिल २०२२ मध्ये मिटला, तेव्हा हा पोरगा वीस-एकविशीचा असणार. त्या महिन्यांत घर कसं चाललं? त्याची फी कुणी भरली? काकांनी भरली असेल तर काका त्याला मोठे का वाटतात, ते वेगळं सांगायला नको.

हे सगळे माझे अंदाज आहेत, चुकीचेही असतील. पण मला वाटतं, ‘काय मिळवलंत’ हे तो पैशाबद्दल बोललाच नाही. त्या दिवशी चारचौघांत त्याच्या बापाला हसले आणि बापही हसला, ते त्याला झोंबलं. त्याखाली जुनं काहीतरी आहे. गाडीतली चाळीस-पंचेचाळीस माणसं रोज घरी पोचवलीत, त्यात घरचा माणूस मात्र कित्येक रात्री घरी नव्हता. तुम्ही यश मोजलं ते लोक पोचले की नाही यावर. घराने मोजलं ते तुम्ही पोचलात की नाही यावर. दोघांचंही खरं आहे, म्हणून तर उत्तर सुचत नाही.

त्यामुळे बिल्ला दाखवू नका. लाजेचं काही कारण नाही, पण तो त्याच्या प्रश्नाचं उत्तर नाही. त्यापेक्षा त्याला विचारा, ‘संपात तुला काय काय सोडावं लागलं?’ आणि तो बोलेल ते ऐका. मध्येच ‘अरे, पण मी तेव्हा’ सुरू करू नका. ज्या गिअरात घाट चढला त्याच गिअरात उतरायचा, हे तुम्ही नव्या पोरांना सांगत असालच. इथेही उतारावर घाई नको.

भावाच्या गाडीवर जायचं नाही. हे मी विचारून नाही, सांगून लिहिते आहे. काम हलकं आहे म्हणून नव्हे, गाडी चालवणं हलकं असतं तर आपण हे बोलतच नसतो. पण त्याने ते ज्या सुरात मागितलं, त्या सुराला ‘हो’ म्हटलंत तर मुलाच्या प्रश्नाला तुम्ही आयुष्यभराचं उत्तर देऊन बसाल. निदान सहा महिने कुठल्याच स्टिअरिंगला हात लावू नका. निवृत्तीनंतर तीन आठवड्यांत दिवाळी आहे. नरक चतुर्दशीला पहाटे तुम्हाला सवयीने जाग येईलच. त्या दिवशी मुलाला उठवायचं काम तुमचं.

आणि एक करा. शेवटच्या ड्यूटीला वहिनींना आणि त्याला रीतसर तिकीट काढून गाडीत बसवा, तुमच्या मागच्या सीटवर, जिथून रस्ता आणि तुमचे हात दोन्ही दिसतात. सप्टेंबरअखेर घाटात धुकं असतंच. वाटेत काही समजावून सांगू नका.

साखरप्याला गाडी किती वाजता येईल ते मात्र कळवा. मी तेव्हा माहेरीच असेन. इंजिनाच्या झाकणावर अजून जागा असते ना? तिघांसाठी भाकऱ्या देईन.

— तुमची ताई