वाचकांचे प्रश्न : एक प्रिंटर, अनेक संगणक

प्रश्न : ऑफिसात पाच संगणक आहेत. प्रिंटर एका संगणकाला यूएसबीने जोडून तिथून शेअर केला आहे. तो संगणक बंद असला की सगळ्यांचं काम अडतं आणि चालू असतानाही प्रिंटर अधूनमधून ‘ऑफलाइन’ दिसतो. उपाय काय?

उत्तर : आधी प्रिंटरची मागची बाजू पाहा. तिथे नेटवर्क केबलचं सॉकेट असेल तर मधला संगणक काढूनच टाका. केबल थेट राउटरला किंवा स्विचला लावा. वायफायवरही चालतं, पण बरेच छोटे प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय पकडतात. आणि प्रिंटर चुकून गेस्ट नेटवर्कला (पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायला) जोडला गेला, तर बाकीच्या संगणकांना तो सहसा दिसत नाही. सॉकेट असेल तर केबलच बरी.

यानंतरची पायरी अनेकजण गाळतात : प्रिंटरला कायमचा आयपी पत्ता (नेटवर्कवर उपकरण ओळखण्याचा क्रमांक) देणं. राउटर पत्ते तात्पुरते वाटतो. प्रिंटर बंद करून पुन्हा चालू केल्यावर त्याला वेगळा पत्ता मिळू शकतो आणि संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर कागदपत्रं पाठवत राहतात. म्हणून प्रिंटरच्या मेन्यूतून नेटवर्क कॉन्फिगरेशनचं पान छापा, त्यावरचा मॅक ॲड्रेस (उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक) राउटरच्या डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याच्या, सेटिंगमध्ये नोंदवा आणि एक पत्ता राखून ठेवा. राउटरमध्ये ही सोय नसेल तर पत्ता प्रिंटरवरच भरा, पण राउटर वाटतो त्या पट्ट्याबाहेरचा. राउटर १९२.१६८.१.१०० पासून १९९ पर्यंत वाटत असेल तर १९२.१६८.१.५० चालेल, अर्थात तो दुसऱ्या कुठल्या उपकरणाला दिलेला नसेल तर.

आता प्रत्येक विंडोज संगणकावर ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’मध्ये जाऊन ‘ॲड मॅन्युअली’ निवडा, मग आयपी पत्त्याने जोडण्याचा पर्याय घ्या. उपकरणाचा प्रकार ‘टीसीपी/आयपी डिव्हाइस’ असाच ठेवा. ‘ऑटोडिटेक्ट’वर सोडलं तर विंडोज कधीकधी डब्ल्यूएसडी पोर्ट (उपकरण आपोआप शोधणारी जोडणी) बनवतं, आणि ‘ऑफलाइन’चा त्रास या पोर्टवर फार होतो. ड्रायव्हर (संगणकाला प्रिंटर चालवता यावा यासाठीचं सॉफ्टवेअर) प्रिंटरच्या नेमक्या मॉडेलचा घ्या.

इतकं करूनही प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसला, तर प्रिंटर प्रॉपर्टीजमधल्या ‘पोर्ट्स’ टॅबवर ‘कॉन्फिगर पोर्ट’ उघडा. प्रोटोकॉल ‘रॉ’ आणि पोर्ट ९१०० आहे ना, ते बघा आणि ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’ची खूण काढा. विंडोज या मार्गाने प्रिंटरची विचारपूस करतं. उत्तर आलं नाही की प्रिंटर उत्तम चालत असूनही त्याला ऑफलाइन ठरवतं.

प्रश्न : आमच्या एका संगणकावर तिघांची वेगवेगळी लॉगिन आहेत. शेअर केलेला प्रिंटर एकालाच दिसतो. असं का?

उत्तर : दुसऱ्या संगणकाने शेअर केलेला प्रिंटर जोडला की त्याची नोंद त्या लॉगिनपुरतीच होते. तिघांनी आपापल्या लॉगिनमधून तो जोडायला हवा. आयपी पत्त्याने जोडलेल्या प्रिंटरची नोंद मात्र संपूर्ण संगणकासाठी असते. ॲडमिनिस्ट्रेटरने एकदा जोडला की सगळ्यांना दिसतो. पहिल्या उत्तरातल्या पद्धतीचा हा मोठा फायदा.

अशीच गफलत दोन्ही बाजूंच्या छपाईबाबत होते. ‘प्रिंटिंग प्रेफरन्सेस’मध्ये केलेला बदल फक्त तुमच्यापुरता असतो. सगळ्यांसाठी हवा असेल तर प्रिंटर प्रॉपर्टीजच्या ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबवरच्या ‘प्रिंटिंग डीफॉल्ट्स’मध्ये करा. डीफॉल्ट प्रिंटर आपोआप बदलत असेल तर तो ठरवण्याचं काम विंडोजवर सोपवणारं सेटिंग प्रत्येक लॉगिनमध्ये बंद करा.

प्रश्न : आमच्या प्रिंटरला यूएसबीशिवाय दुसरी सोयच नाही. मग?

उत्तर : मग शेअरिंगच करा, पण ते नीट करा. ज्या संगणकाला प्रिंटर जोडला आहे त्याचं स्लीप बंद ठेवा, नेटवर्क ‘प्रायव्हेट’ करा, फाइल अँड प्रिंटर शेअरिंग सुरू करा. शेअरचं नाव छोटं आणि मधे जागा न सोडता द्या. ‘प्रिंटनाइटमेअर’ ही सुरक्षेतली त्रुटी २०२१ मध्ये उघड झाल्यानंतर विंडोजने नियम कडक केले. शेअर केलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर बसवायला आता ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागतात. म्हणून प्रत्येक संगणकावर ड्रायव्हर आधीच बसवून ठेवा. जोडताना ‘११बी’ने संपणारा एरर आला तर सगळे संगणक अपडेट करा. रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या नोंदीत) बदल करून तो घालवण्याचा उपाय सांगितला जातो, पण त्यामुळे छपाईच्या जोडणीचं सुरक्षाकवच निघून जातं. तो टाळा.

एखादं काम रांगेत अडकून बाकीची थांबली, तर ज्या संगणकाला प्रिंटर जोडला आहे त्यावर ‘सर्व्हिसेस’मधून ‘प्रिंट स्पूलर’ (छपाईची रांग सांभाळणारी सेवा) थांबवा, विंडोजच्या सिस्टम३२ मधल्या ‘स्पूल’ फोल्डरात ‘प्रिंटर्स’ नावाचं फोल्डर आहे ते रिकामं करा आणि स्पूलर पुन्हा सुरू करा. फोल्डर स्वतः पुसू नका. रांगेतली सगळीच कामं यात जातात, तेव्हा सहकाऱ्यांना आधी कळवा.