हुद्दा नंतर, नोंदणी क्रमांक आधी

आपण गुंतवणुकीला नव्याने सुरुवात करीत आहात, म्हणून सुचवतो की समोरच्या व्यक्तीच्या कार्डावरील हुद्द्यापेक्षा तिचा नोंदणी क्रमांक आधी पाहावा. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने दिलेला ‘आयएनए’ने सुरू होणारा क्रमांक गुंतवणूक सल्लागाराचा, ‘आयएनएच’ संशोधन विश्लेषकाचा आणि ‘आयएनझेड’ शेअर दलालाचा असतो. ‘एआरएन’ मात्र म्युच्युअल फंड वितरकाचा असून तो अ‍ॅम्फी ही म्युच्युअल फंड कंपन्यांची संघटना देते. हा फरक केवळ अक्षरांचा नाही. सेबीच्या 2013 च्या नियमांखालील सल्लागार शुल्क आपल्याकडून घेतो आणि आपल्या हिताला बांधील असतो, तर वितरकाचे कमिशन फंड कंपनीकडून येते, आणि बहुतेक नवखे (मीही त्यांतलाच होतो) नेमके इथेच फसतात. आपल्या वतीने पैसे गुंतवून सांभाळणाऱ्या पोर्टफोलिओ व्यवस्थापकाला 50 लाखांपेक्षा कमी रक्कम स्वीकारता येत नाही. तेव्हा कोणी पाच लाखांत ‘पीएमएस’ (म्हणजे हीच व्यवस्थापन सेवा) देऊ करीत असेल, तर व्यवहार तिथेच थांबवावा.

क्रमांक सेबीच्या (‘एआरएन’ असल्यास अ‍ॅम्फीच्या) संकेतस्थळावर स्वतः तपासून नाव व पत्ता जुळवून पाहावा. मला आलेल्या एका पत्रकावरील क्रमांक खरा होता, परंतु तो भलत्याच संस्थेचा निघाला.