वाचकांचे प्रश्न: गरम लाइनवरचे बोल्ट सैल का पडतात?

प्रश्न: आमच्याकडे ५०० अंश सेल्सिअसच्या वाफेची लाइन आहे. फ्लँजचे (पाइप जोडणाऱ्या कड्यांचे) बी ७ या पोलादी प्रतीचे स्टड (दोन्ही टोकांना आटे असलेले बोल्ट) ठरलेल्या टॉर्कने (पिळाच्या जोराने) आवळतो, तरी सहा महिन्यांत गळती सुरू होते. लाइन थरथरत नाही, आटेही शाबूत आहेत. दर शटडाऊनला पुन्हा आवळले तर चालेल का?
– एक वाचक, बुटीबोरी, नागपूर

उत्तर: नट बहुधा फिरलेलाच नाही, स्टड आतून सैलावला आहे. स्टड आवळणे म्हणजे त्याला स्प्रिंगसारखा ताणणे. १०० मिलिमीटर लांबीवर २०० मेगापास्कल ताण असेल, तर एवढ्या तापमानाला स्टड जेमतेम ०.१२ मिलिमीटर ताणलेला असतो. त्यातले ०.०६, म्हणजे केसाच्या जाडीएवढे, कायमचे वाढले की निम्मी पकड गेली! बाहेरून काहीच दिसत नाही, कारण एकूण लांबी फ्लँजने जखडलेली असते.

तापमान आणि ताणाखाली होणाऱ्या या सावकाश, कायमच्या वाढीला क्रीप म्हणतात. ती होते ग्रेनच्या, म्हणजे पोलादातल्या बारीक स्फटिकांच्या आत. अणूंच्या रांगांमधले दोष, म्हणजे डिसलोकेशन, थंड पोलादात कार्बाइडच्या (कार्बन आणि धातूच्या संयुगाच्या) कठीण कणांपाशी अडून राहतात. ५०० अंशांना अणूंच्या रिकाम्या जागा हिंडू लागतात आणि त्यांच्या जोरावर हे दोष कणांवरून चढून पलीकडे सरकतात. क्रीपचा वेग ताणाच्या साधारण पाचव्या घाताने बदलतो. ताण निम्मा झाला की वेग ३२ पटींनी उतरतो. म्हणून पकड सुरुवातीला भराभर जाते, मग सावकाश.

पुन्हा आवळले की ताण परत वर जातो आणि तीच भराभर घसरण नव्याने सुरू होते. दर वेळची कायमची वाढ साठत जाते. शेवटी ग्रेनच्या सीमांवर सूक्ष्म पोकळ्या धरतात आणि स्टड फारसा न ताणताच तुटतो. तेव्हा हा कायमचा उपाय समजू नका.

नवा स्टड बसवण्यापूर्वी त्याची मोकळी लांबी थंड असताना मायक्रोमीटरने मोजून नोंदवा. शटडाऊनला लाइन थंड आणि दाब शून्य झाल्यावर काढून पुन्हा मोजा. वाढली असेल तर क्रीप. जशीच्या तशी असेल तर दोष गॅस्केटचा (दोन फ्लँजमधल्या गळतीरोधक चकतीचा), बहुतेक ग्रॅफाइट जळाल्याचा. क्रीप असेल तर व्हॅनेडियमयुक्त बी १६ प्रतीचे स्टड घ्या. व्हॅनेडियम कार्बाइडचे बारीक कण डिसलोकेशनला जास्त तापमानापर्यंत रोखून धरतात. आणि आट्यांना उच्च तापमानाचे अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारे वंगण) लावाच. नीट वंगण असतानाही टॉर्कचा जेमतेम दहावा हिस्सा ताणात उतरतो, कोरड्या आट्यांत त्याहून कमी.

प्रश्न: नागपूरच्या ४६ अंशांच्या उन्हाळ्यात शेडच्या लोखंडी कैच्यांनाही क्रीप येतो का?
– एक वाचक, हिंगणा

उत्तर: नाही. वितळबिंदू केल्विनमध्ये घ्या. त्याच्या सुमारे ०.४ पटीपुढे क्रीप जाणवू लागतो. पोलादासाठी ही मर्यादा ४५० अंश सेल्सिअसच्या आसपास येते. शिसे मात्र ६०० केल्विनला वितळते आणि ४६ अंश म्हणजे ३१९ केल्विन, निम्म्याहून जास्त. शिशाच्या जुन्या नळ्यांना दोन आधारांमध्ये झोळ पडतो तो त्यामुळेच.