स्थितिक विद्युत शिकवताय? आधी हवा बघा
सर, प्रभाराचा धडा जुलैत घेऊ नका. जावळी-पाटणकडं त्या दिवसांत हवा इतकी ओलसर असते की घासलेल्या वस्तूवर पाण्याचा अगदी पातळ थर बसतो आणि प्रभार निसटून जातो. डिसेंबर-जानेवारीतली कोरडी दुपार उत्तम. मुलं डोक्याला तेल चोपडून येतात, म्हणून कंगवा केसांवर नको, लोकरीच्या स्वेटरवर घासायला सांगा.

कागदाचे कपटे कंगव्याला चिकटले की बहुतेक जण तिथंच थांबतात. खरं शिकवणं तिथून पुढं आहे. कपट्यांवर निव्वळ प्रभार नसतोच, मग ते ओढले का जातात? विचारा, आणि उत्तर सांगायची घाई करू नका. (कंगव्यावरच्या ऋण प्रभारामुळं कागदातले इलेक्ट्रॉन किंचित पलीकडं सरकतात, जवळची बाजू धन होते.) मग त्याच लोकरीवर घासलेले दोन फुगे दोऱ्यानं शेजारी टांगा. ते एकमेकांपासून लांब जातील. प्रभाराची पक्की खूण प्रतिकर्षण, आकर्षण नव्हे.

आणि ‘घासल्यानं प्रभार तयार होतो’ असं फळ्यावर लिहू नका. इलेक्ट्रॉन फक्त इकडून तिकडं जातात. कंगव्याला जेवढे मिळाले, तेवढेच लोकरीनं गमावले.